उसाच्या रानांचा मोबाईल-नकाशा: तोड येण्याआधी करून ठेवा

आमचं रान कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, तेही पाच ठिकाणी विखुरलेलं. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, सगळ्या लागणी तोंडपाठ. हिशेब मात्र माझ्याकडं. म्हणून नकाशा.

ब्राउझरमध्ये गूगल माय मॅप्स उघडा, नवा नकाशा घ्या, खालचं चित्र उपग्रहाचं करा आणि बांधाचे कोपरे जोडत एकेक तुकडा आखा. बांधावरनं फिरून क्षेत्र मोजणारी ॲप मोठ्या रानाला ठीक, लहान तुकड्याला नाही. २० गुंठे म्हणजे साधारण ४५ बाय ४५ मीटर. चारी बाजूंनी एकेक मीटर जादा धरला गेला तरी जवळपास दोन गुंठे वाढतात, आणि मोबाईलचा जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर इकडंतिकडं होतो. उभ्या उसात तर विचारूच नका. क्षेत्र चौरस मीटरमध्ये आलं तर १०१.१७ नं भागा, गुंठे मिळतील. सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटरचा, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. फरक दिसला म्हणून भावकीत मोबाईल नाचवू नका. हद्दीला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

तुकड्याला घरात बोलता तेच नाव द्या: ‘ओढ्याकडचं’, ‘विहिरीचं’. गट नंबर वेगळ्या रकान्यात, कारण आमच्या एकाच गटात आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) आणि खोडवा (तोडीनंतर बुडख्यातनं पुन्हा फुटलेला ऊस) शेजारी-शेजारी आहेत. लेअरच्या डेटा टेबलात पुढचे रकाने वाढवा: लागणीची तारीख, जात (८६०३२ की २६५), लागण-खोडवा-निडवा (निडवा म्हणजे खोडवा तोडल्यावर पुन्हा राखलेला ऊस), कारखान्याकडं नोंद कधी दिली, तोड कधी झाली, टन किती. लागणीची तारीख बिनचूक हवी. जुलै-ऑगस्टची आडसाली आणि पुढच्या जानेवारीची ‘सुरू’ लागण एकाच गळीत हंगामात तोडीला येतात, आणि चिटबॉय (नोंदी बघणारा कारखान्याचा माणूस) पहिल्यांदा तारीखच विचारतो. लागणीच्या महिन्याप्रमाणं रंग दिले की कुठला फड आधी, हे बघताक्षणी कळतं.

तोड चालू असताना मात्र शिस्त लागते. तोडणाऱ्यांची टोळी एका दिवसात दोन रानांत शिरली की वजनं मिसळतात. ट्रॅक्टर फडातनं हलायच्या आत चिठ्ठीवर तुकड्याचं नाव टाका, काट्याची पावती आली की रात्रीच टन भरा. टनाला गुंठ्यांनी भागा. गुंठ्याला दीड टनाचा उतारा खोडव्याला एकावर आला, तर निडवा ठेवू नये असं माझं मत. मामा म्हणतात, “पाणी कमी पडलं असंल, अजून एक साल बघ की गं.” मग मी पाण्याच्या पाळ्यांचाही रकाना वाढवला.

नदीकाठच्यांनी पुराचा लेअर वेगळा ठेवावा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं, त्या दोन रेघा ओढा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तिथं किती फूट असताना आपला कुठला तुकडा बुडतो, ते दर पावसाळ्यात त्याच लेअरमध्ये टिपा. रेघेच्या आतल्या रानात आम्ही आडसाली करत नाही. पाणी ओसरल्यावर, ऑक्टोबरात पूर्वहंगामी लावतो.