गोठ्यातला जुगाड करा, पण तार सोडून

गव्हाणीची एक फळी निसटली होती, हातात पक्कड होती, खिशात बाइंडिंग तारेचा तुकडा होता, मग काय, दोन वेढे मारले, पीळ दिला, टोक कापलं आणि विसरून गेलो. पाच मिनिटांचं काम. कापलेलं टोक कुठं पडलं ते बघितलंच नाही, बोटभर तारेकडे कोण बघतं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक गाभण गाय सकाळी वैरण तशीच ठेवून उभी, पाठ कमानीसारखी वर, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकलेली, आणि बसता-उठताना कण्हायची. पोट फाडून आतून तार काढावी लागली, गाय वाचली. ती तार माझीच होती का हे सांगता येणार नाही, पण जाडी तीच होती आणि टोकाला पीळही होता.

तेव्हापासून आमच्याकडे जुगाड बंद नाही झाले, उलट वाढले, फक्त एक गोष्ट बदलली की कुठलीही वस्तू बसवायच्या आधी मी गाईच्या बाजूनं विचार करतो. माणूस वस्तू वापरतो, गाय ती चाटते, चावते, तिच्यावर अंग घासते, शिंग घालून उचकटते आणि तुटली की तिच्यावर पाय देते. या पाचही गोष्टी झाल्या तरी जे टिकतं तेच गोठ्यात लावायचं.

तारेचा त्रास नक्की काय होतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. गाय जिभेनं वैरण ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर. त्यामुळे खिळा, तार, स्क्रू काही आलं तर तोंडात कळतच नाही. जड वस्तू जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात पुढच्या कप्प्यात, जाऊन बसते, आणि जाळीपोट सारखं आकुंचन पावत असतं, त्यामुळे टोकदार तार पुढे घुसत जाते. त्याच्या पुढे श्वासाचा पडदा आणि पडद्याच्या लगेच पलीकडे हृदय. गाभण गाईला धोका जास्त, कारण वाढणारं गर्भाशय सगळं पुढे ढकलतं.

म्हणून पहिला जुगाड म्हणजे तार हटवणं. गोठ्यात एक चक्कर मारा, जिथं जिथं तारेनं बांधलंय तिथं नट-बोल्ट, नायलॉनची दोरी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावा. ट्यूबची पट्टी दोन बोटं रुंद कापायची, ताणून ताणून गुंडाळायची आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खुपसायचं, इतकी घट्ट बसते की पाईपवर पाईपही धरून ठेवते. पण ही पट्टी तोंड पोचणार नाही अशाच जागी, कारण रबर चघळायला त्यांना फार आवडतं. तार लागलीच तर टोकं आत वळवून ठोका आणि जेवढे तुकडे कापले तेवढे मोजून हातात परत घ्या.

आता लोहचुंबक. जुना बिघडलेला स्पीकर कुणाकडेही पडलेला असतो, त्याच्या मागे गोल चुंबक असतो तो काढा. असे तीन-चार जमले की झालं.

कुट्टी मशीनमधून चारा बाहेर पडतो त्या बाजूला हे लावायचे. आत टाकायच्या बाजूला नाही, कारण निसटला तर सरळ पात्यात जाईल. शिवाय वैरणीत तार असेल तर पातं तिचे चार टोकदार तुकडे करतं, आणि ते पकडायचे असतील तर चुंबक बाहेरच्या बाजूलाच हवा. पद्धत अशी: फळीच्या एका तुकड्यावर चुंबक ओळीनं ठेवायचे, स्पीकरचा चुंबक ठिसूळ असतो, पडला की फुटतो, म्हणून वरून जाड ताडपत्री ताणून कडेनं पट्टी आणि बोल्टनं आवळायची. ही फळी उतरत्या तोंडाच्या तळाशी अशी बसवायची की चारा तिच्यावरून घसरत जाईल. दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे असला चुंबक फारसा ओढत नाही, त्यामुळे चारा अंगाला घासून गेला पाहिजे. रोज संध्याकाळी मशीन बंद, प्लग बाहेर, आणि मग फडक्यानं पुसून काढायचं. पहिल्या आठवड्यात काय काय निघतं ते बघून माणूस गप्प होतो. फक्त लक्षात ठेवा, तांबं आणि ॲल्युमिनियम याला चिकटत नाही, म्हणजे वायरचे तुकडे तसेच पुढे जातात, ते डोळ्यांनीच बघायचे.

पाण्याच्या टाकीचा जुगाड सगळेच करतात, पण मी त्यात बरंच वाया घालवलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, मधून उभा चिरला की दोन टाक्या होतात, प्रत्येकीत ९०-१०० लिटर पाणी मावतं.

आधी ड्रममध्ये काय होतं ते कळलं पाहिजे. सरबताचा पाक, खायचं तेल असं काही असेल तर चालतं. कीटकनाशक, ॲसिड, रंग, किंवा विकणाऱ्याला माहीतच नाही, अशा वेळी घ्यायचाच नाही, कितीही धुतला तरी, कारण प्लास्टिक काही गोष्टी आत शोषून धरतं आणि नंतर हळूहळू सोडतं. लोखंडी ड्रम तर कटरनं कापायला जाऊच नका, आत पेट्रोल किंवा थिनरची वाफ राहिली असेल तर ठिणगीनं फुटतो, रिकामा दिसतो म्हणून रिकामा नसतो.

ड्रम आडवा पाडा, दोन्ही बाजूंना विटा लावा म्हणजे गडगडणार नाही. आता त्याच्या डोक्यावर बघा, दोन बुचं असतात, समोरासमोर, कडेला. माझा पहिला ड्रम मी त्या दोन बुचांच्या रेषेतच चिरला, म्हणजे दोन्ही बुचं अर्धी अर्धी कापली गेली आणि दोन्ही टाक्या कामातून गेल्या. कापायची रेषा दोन बुचांच्या मधून आली पाहिजे, बुचांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात. असं केलं की प्रत्येक अर्ध्या ड्रमला एक बूच येतं आणि ते बरोबर तळाशी येतं, म्हणजे टाकी धुताना बूच उघडलं की सगळा गाळ बाहेर, वेगळं भोक पाडायला नको.

रेषा दोऱ्यानं आखा, मार्करनं काढा. ड्रिलनं एक भोक पाडा, १० ते १२ मिलीमीटरचं, त्यातून जिगसॉचं पातं घाला आणि हळू चालवा. ग्राइंडर वापरला तर प्लास्टिक वितळतं आणि मागे परत चिकटतं, कटकट होते. जिगसॉ नसेल तर बारीक दातांची करवतही चालते, वेळ लागतो एवढंच. खाली गोणपाट अंथरा म्हणजे सगळा चुरा एकत्र उचलता येतो.

कापलेली कड कानशीनं घासा, मग त्यावर पाण्याचा जुना जाड होजपाईप उभा चिरून टोपीसारखा बसवा. नुसता बसवला तर पहिल्याच दिवशी ओढून काढतात, म्हणून दर १५ सेंटिमीटरला एक गोल डोक्याचा बोल्ट, डोकं आतल्या बाजूला आणि नट बाहेर. उलट केलं तर नाक, जीभ सगळं नटावर घासतं.

स्टँड मजबूत पाहिजे, कारण भरलेली टाकी शंभर किलोच्या आसपास जाते आणि त्यात गाय मान टेकवून उभी राहते. मोठ्या गाईंना टाकीची वरची कड ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीवर ठेवा, बुचाच्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर उतार द्या.

फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, लावताना दोन गोष्टी. त्यावर झाकण हवंच, नाहीतर जिभेनं तो गोळा खालीवर करत बसतात आणि रात्रभर पाणी वाहतं. तेलाचा रिकामा कॅन तळ कापून उलटा बोल्टनं लावला तरी पुरतो. दुसरं म्हणजे पाईप बारीक नको. तहानलेली गाय मिनिटाला १५-२० लिटर सहज ओढते, दुधाची गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते, आणि धार काढून झाल्यावर सगळ्या एकदमच येतात. दोन दांडग्या गाईंनी टाकी तळाला नेली की दबून राहणारी गाय वाट बघत नाही, तशीच निघून जाते आणि मग दूध का कमी झालं म्हणून आपण पेंड बदलत बसतो. एक इंची पाईप टाका, किंवा दोन्ही टाक्या जोडून ठेवा.

शेण ओढायचं फावडं घरी करणं सगळ्यात सोपं आणि विकतच्यापेक्षा चांगलं होतं. कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा लागतो, ६० सेंटिमीटर लांब, १५ रुंद. दोन फळ्यांच्या मध्ये तो सँडविचसारखा धरायचा, खाली पाच सेंटिमीटर बाहेर ठेवायचा, तीन बोल्टनं आवळायचं आणि मागे दांडा, दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या, नाहीतर आठवड्यात हलायला लागतो. खालची कड झिजली की पट्टा उलटा करायचा, परत नवीन. बेल्ट कापडी थरांचा घ्या, स्टीलच्या दोऱ्यांचा नको. याच कारणासाठी टायर कापून फावडं करू नका. टायरच्या आत बारीक स्टीलच्या तारा असतात, झिजलं की त्या केसासारख्या बाहेर येतात आणि शेणातून, पायातून गव्हाणीपर्यंत पोचतात. मुरघासावर, म्हणजे झाकून आंबवलेल्या चाऱ्यावर, वजन म्हणून टायर टाकतात तेही उन्हानं फुटले की हेच होतं, तिथं वाळूच्या पिशव्या बऱ्या.

आणि वजनासाठी जुन्या बॅटऱ्या तर अजिबात नको. फुटलेली बॅटरी गाय आवडीनं चाटते, शिसं पोटात जातं, मग दात खाते, आंधळ्यासारखी भिंतीवर आदळते. बॅटरी गोठ्याच्या आसपास ठेवूच नका, तीच गोष्ट जुन्या, शिशाच्या रंगाचे पोपडे सुटलेल्या दार-खिडक्यांच्या लाकडाची.

ऐनवेळी म्होरकी, म्हणजे गाईला धरायला तोंडाभोवती घालतात ती दोरी, सापडत नसेल तर साधी दोरी पुरते. बोटाएवढी जाड, साधारण चार मीटर. गळ्याभोवती सैल फेरा घेऊन न सरकणारी गाठ मारा, सरकणारी गाठ गळ्यात कधीच नको. मग उरलेल्या दोरीचा एक फास त्या गळ्यातल्या फेऱ्याच्या आतून ओढून पुढे आणा आणि नाकावरून चढवा. ओढलं की नाकावर बसतं, सोडलं की ढिलं होतं. तात्पुरतं आहे, असं बांधून रात्रभर ठेवायचं नाही.

वजनकाटा नसला तर शिंप्याची टेप चालते, हा जुगाड मी जंताच्या औषधाआधी दरवेळी करतो. गाय सपाट जागी सरळ उभी करा, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ६६ आणि लांबी ५५ आली तर ३६३ किलो. अंदाजच आहे, गाभण असेल तर चुकतो, पण नुसत्या नजरेनं बघून औषध देण्यापेक्षा पुष्कळ बरा.

विजेत जुगाड नाही. कुंपणात मेन लाइनचा करंट सोडणारे लोक मी बघितलेत, त्यात जनावर मरतं आणि माणूसही मरतो. कुंपणाचं खरं मशीन सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभराचा झटका देतं म्हणून सुटता येतं, मेनचा करंट स्नायू आवळून धरतो आणि सोडत नाही. थंडीत टाकीत हीटरचा रॉड टाकून ठेवणं पण नको. गाईला आपल्याला जाणवतही नाही एवढा करंट जाणवतो. नाक पाण्याला लावून झटकन मागे घेत असेल किंवा कुत्र्यासारखं जिभेनं लपलप पीत असेल तर पाण्याला नावं ठेवू नका, मोटरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

शेवटी दाराची कडी, कारण यात मी दोनदा हरलोय. साधी सरकणारी कडी आमच्या एका गाईनं जिभेनं उघडली, रात्री पेंडीची पोती फोडली, पोट फुगून दोघी आडव्या झाल्या. मग मी कडीचं टोक वळवून खाली खाचेत अडकेल असं केलं, म्हणजे आधी वर उचलायचं, मग फिरवायचं, मग सरकवायचं. वाटलं झालं. चौथ्या दिवशी पहाटे तीच गाय दाराला मान घासत होती आणि घासता घासता कडी उचलली जात होती, बघत उभा राहिलो मी. त्या वेळी पण पहिला हात तारेच्या बंडलाकडेच गेला, खोटं कशाला बोलू. नंतर कडीला भोक पाडून आरपार बोल्ट घातला आणि बाहेरून नट आवळला. आता पेंडीच्या खोलीचं दार उघडायला पान्हा लागतो, गाईचा नाही, बारा-तेराचा.