अठरा पूर्ण होताना अनुरक्षण गृहाची तयारी
बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना बालन्याय अधिनियम 2015 आणि त्याखालील नियमांनुसार 21 व्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत 23 व्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाचा, म्हणजे बालगृह सोडल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतच्या मदतीचा, आधार मिळू शकतो; अनुरक्षण गृहात राहण्याची सोय हा त्याचाच भाग. त्यासाठी अठरावा वाढदिवस उजाडण्याची वाट न पाहता अधीक्षकांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक आणि पात्र असल्यास अनाथ प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच ताब्यात घ्यावे, कारण एक कागद राहिला तरी पुढे नोकरीपासून भाड्याच्या खोलीपर्यंत सगळेच अडते.

गृहात आयते ताट मिळत असले, तरी अधूनमधून स्वतः भाव विचारून भाजी आणावी, कुकर लावावा. पहिल्या पगारापासूनच खोलीच्या अनामत रकमेसाठी पैसे बाजूला टाकावेत. माझ्या मते ही सवय सर्वांत आधी लावायला हवी.