खेचर कुणाचं, आणि साल कुठलं?

रोमन कायद्याच्या मूटला, म्हणजे खोट्या खटल्याच्या स्पर्धेला, पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मूट म्हणजे काय, मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, कसं बांधायचं, न्यायाधीशाने मध्येच अडवलं तर वाक्य कसं सोडायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. फरक एवढाच की इथे सुप्रीम कोर्टाचे निवाडे नाहीत आणि कलमंही नाहीत. खटला घडतो सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या राज्यात. हातात त्याचीच पुस्तकं असतात: इन्स्टिट्यूट्स हे पाठ्यपुस्तक, जुन्या कायदेपंडितांच्या उताऱ्यांचं ५० भागांचं डायजेस्ट, सम्राटांच्या कायद्यांचा कोडेक्स आणि नंतरचे नवे कायदे, म्हणजे नोव्हेल्स. ऑक्सफर्ड, केंब्रिज, व्हिएन्ना, ट्यूबिंगन, ट्रिअर, लिएज, नेपल्स, अथेन्स यांचे संघ ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भिडतात, तिथेही काळ हाच. माझी स्पर्धा तिच्यासमोर गल्ली क्रिकेट होती. विद्यापीठातल्या विद्यापीठात, सोळा जण, एक थंडगार खोली. तरी त्या खोलीची आठवण आली की अजून कान गरम होतात.

मी मूळची फोंड्याची. आजोबांच्या वाटण्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे झालेल्या. त्या कागदांतले शब्द कुठून आले हे शोधता शोधता मी रोमपर्यंत पोचले. इंग्लंडला एलएलएमला गेल्यावर हा विषय घेतला तेव्हा वर्गातल्या निम्म्या लोकांना शाळेपासून लॅटिन येत होतं. मला येत नव्हतं. त्याबद्दल पुढे सांगते. आधी जिथे आपटले ते.

प्रश्न असा होता. एका व्यापाऱ्याने गाडीवानाला खेचर विकलं, दोरी हातात दिली, पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी परांचीवर काम करणाऱ्या गवंड्याने, न ओरडता, वरून दगड टाकला आणि रस्त्यावरचं खेचर मेलं. गाडीवानाने गवंड्यावर लेक्स अक्विलियाखाली, म्हणजे दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीबद्दलच्या रोमन कायद्याखाली, दावा लावला. मी गवंड्याची वकील.

निष्काळजीपणावर लढण्यात अर्थ नव्हता. झाडावरून फांदी टाकणारा किंवा परांचीवरचा कामगार रस्त्यावरच्या माणसाला सावध करत नसेल तर तो दोषी, असं कायदेपंडित पाउलुस डायजेस्टमध्ये स्वच्छ सांगतो (९.२.३१, म्हणजे भाग, शीर्षक, उतारा). म्हणून मी दुसरी वाट धरली. लेक्स अक्विलियाचा मूळ दावा मालकाचा. गाडीवान मालक नाहीच असं दाखवलं की काम झालं.

इथवर ठीक होतं. इथून पुढे मी गायसच्या प्रेमात पडले.

गायस कुणालाही आवडावा असाच आहे. दुसऱ्या शतकातला शिक्षक, भाषा सोपी, सगळं ओळीने समजावून सांगतो. त्याचं पाठ्यपुस्तक शतकानुशतकं हरवलेलं होतं. १८१६ मध्ये व्हेरोनाला संत जेरोमच्या पत्रांखाली खरवडून पुसलेली अक्षरं नीबूर या इतिहासकाराला दिसली, तोच हा गायस. तो सांगतो की खेचर ही ‘रेस मान्सिपी’ वस्तू आहे. गुलाम, बैल, घोडा, खेचर, गाढव, इटलीतली जमीन, या साऱ्यांची मालकी नुसती हातात दिल्याने जात नाही. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला, एक जण काशाचा तराजू धरून, घेणाऱ्याने वस्तूला हात लावून ठरलेले शब्द उच्चारायचे, तराजूवर काशाचा तुकडा वाजवायचा. ही मान्सिपाशियो. ती झाली नाही, म्हणून गाडीवान पूर्ण मालक नाही. मी रात्रभर खुश होते. तराजू वाजवायची नक्कलसुद्धा आरशासमोर केली होती.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मिनिटाला असताना मधल्या न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “खेचर कुठल्या साली मेलं?”

मी कागद उलटा-सुलटा केला. पहिल्याच ओळीत होतं. इसवी सन ५३५.

रेस मान्सिपीचा भेद जस्टिनियनने ५३१ मध्येच मोडीत काढला होता. माझ्या खेचराच्या चार वर्षं आधी. मी ज्या नियमावर अख्खी बाजू उभी केली तो त्या राज्यात उरलाच नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण नव्या लोकांपैकी निम्मे इथेच पडतात आणि आपण पडलो हे त्यांना गुण हातात आल्यावर कळतं. डायजेस्टमधल्या प्रत्येक उताऱ्याला दोन वयं असतात. एक, लेखकाचं: उल्पियान, पाउलुस तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे, युलियान त्याआधीचा, अल्फेनुस तर सीझरच्या जमान्यातला. दुसरं वय पुस्तकाचं: ३० डिसेंबर ५३३ पासून तोच उतारा सम्राटाचा कायदा म्हणून बोलतो. मध्ये डायजेस्ट तयार करणाऱ्या ट्रिबोनियनच्या मंडळाने कात्री चालवलेली आहे. जिथे मूळ लेखकाने मान्सिपाशियो लिहिलं तिथे त्यांनी ‘ट्रादिशियो’, म्हणजे नुसतं हातात देणं, असं करून टाकलं. मला डायजेस्टमध्ये खेचरासाठी मान्सिपाशियो कुठेच सापडली नव्हती. मी समजले, उतारा गहाळ असेल! शब्द सापडत नाही हीच धोक्याची घंटा होती आणि मी ती ऐकून झोपले.

आणि तिसरं वय तुमच्या प्रश्नाचं. समजा तेच खेचर ५३० मध्ये मेलं असतं. तेव्हा डायजेस्ट लागूच नव्हतं. तेव्हा ४२६ चा ‘लॉ ऑफ सायटेशन्स’ चालला असता: पापिनियान, पाउलुस, उल्पियान, गायस, मोडेस्टिनुस या पाचांची मतं मोजायची, समसमान झाली तर पापिनियानचं खरं. आणि माझी मान्सिपी? तोवर ती निदान कागदावर जिवंत होती. मी कदाचित हरलेच असते, पण हसं झालं नसतं. ५३३ नंतर मतमोजणी संपली. डायजेस्टमधला प्रत्येक उतारा सारख्याच वजनाचा. “पापिनियान मोठा, म्हणून” असं ५३५ च्या खटल्यात म्हणालात की तिथेच गुण गेले. उलट टोकही पाहा: ५३५ च्या खटल्यात ५४० चा नोव्हेल लावणारा मुलगा मी पुढच्या वर्षी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बिचारा फार छान बोलत होता.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. मला हवं ते उत्तर जस्टिनियनच्याच इन्स्टिट्यूट्समध्ये होतं, २.१.४१. विकलेली आणि हातात दिलेली वस्तू किंमत चुकती केल्यावर, किंवा जामीन अथवा तारण दिल्यावरच घेणाऱ्याची होते. मात्र विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या शब्दावर विसंबून उधारी ठेवली असेल तर मालकी लगेच जाते. म्हणजे गाडीवान मालक नाही असं मला सहा ओळींत म्हणता आलं असतं, आणि मग खरी झुंज झाली असती ती “पुढच्या महिन्यात देईन” हा विश्वास होता की नाही यावर. प्रश्न काढणाऱ्याने तीच फट ठेवली होती. मी तराजू वाजवत बसले.

आता सवयी सांगते. प्रश्न हातात आला की पहिल्या पानावर लाल पेनाने साल लिहा. मग प्रत्येक उताऱ्यापुढे तीन गोष्टी: कोण बोलतोय, तथ्यं काय, त्याला विचारलं काय होतं. मी हे एका डॉक्टरेट करणाऱ्या ग्रीक मुलीकडून शिकले. ती एकही वाक्य लिहून द्यायची नाही. रडकुंडीला आले तरी नाही. माझं ठाम मत आहे की जो सीनियर तुमचं भाषण लिहून देतो तो तुमचा शत्रू आहे, भले तो स्वतः दोनदा जिंकलेला का असेना. त्याचं वाक्य तुम्हाला पहिल्या आडव्या प्रश्नापर्यंतच पुरतं.

भाषांतराबद्दल. जालावर फुकट मिळणारं १९३२ चं स्कॉटचं इंग्रजी भाषांतर आहे, सगळे तेच उघडतात. जाणकार त्यावर भरवसा ठेवत नाहीत, तुम्हीही ठेवू नका. डायजेस्टसाठी ग्रंथालयात वॉटसनने संपादित केलेलं, बाजूला लॅटिन असलेलं बघा. चॅटबॉटला उतारे विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: मला एकदा त्याने उल्पियानचा अगदी हवा तसा उतारा दिला. तो आकडा उघडला तर तिथे विहिरीच्या पाण्याबद्दल काहीतरी होतं.

लॅटिन येत नाही म्हणून मागे हटू नका. खरंच नको. स्पर्धेपुरते दीडेकशे शब्द लागतात: कुल्पा (निष्काळजीपणा), दोलुस (कपट), दाम्नुम (नुकसान), ट्रादिशियो, दोमिनुस (मालक) असे. उताऱ्याचं लॅटिन समोर ठेवून भाषांतराशी बोट लावून जुळवायचं. संस्कृतच्या विभक्ती शाळेत घोकल्या असतील तर षष्ठी-चतुर्थीचं भय वाटत नाही, आणि वर्गातली इंग्रज मुलं तिथेच अडखळतात. उच्चारांचं तर सोडूनच द्या. सिसेरो, किकेरो, चिचेरो, जो तो आपापल्या देशातलं म्हणतो आणि कुणी गुण कापत नाही. आकडा वाचताना मात्र सावध. ‘९.२.११ पीआर.’ मधलं पीआर म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, आणि ‘१’ हा त्यानंतरचा, म्हणजे मोजायला गेलात तर दुसरा.

आणखी एक, हे मला उशिरा उमगलं. डायजेस्टमध्ये दोन उतारे एकमेकांशी भांडताना दिसतात. एकाने गुलामाला जीवघेणा घाव घातला, नंतर दुसऱ्याने त्याला संपवलं. केल्सुस म्हणतो पहिला फक्त घावापुरता जबाबदार, आणि उल्पियानला ते पटतं (९.२.११.३). युलियान म्हणतो दोघेही मारण्याबद्दल जबाबदार (९.२.५१). नवखा उमेदवार उठून म्हणतो, “युलियान चुकला.” असं म्हणता येत नाही. या ग्रंथात विसंगती नाही, बारकाईने पाहणाऱ्याला मेळ दिसेल, असं खुद्द सम्राटाने जाहीर केलंय. जुन्या पुस्तकांशी ताडून फरक शोधायलाही त्याने मनाई केली आहे. म्हणून “इथे ट्रिबोनियनने शब्द बदलला” हा निबंधात टाळ्या घेणारा मुद्दा मूटमध्ये अंगाशी येतो. तुम्ही त्याच्याच कोर्टात उभे आहात ना! तथ्यांत फरक काढा: दुसरा घाव पहिल्याच्या किती वेळाने, पहिल्या घावाने मरण नक्की होतं का. गुण तिथे आहेत. खरी मजाही तिथेच आहे, पण ती तुम्हाला पहिल्या वर्षी येणार नाही. पहिल्या वर्षी फक्त पोटात गोळा येतो.

त्या काळी बैरूतच्या कायदा शाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘दुपोंदी’ म्हणत, म्हणजे दोन पैशांचे. जस्टिनियनने ते नाव बंद करून त्यांना ‘नवे जस्टिनियन’ म्हणायचं फर्मान काढलं, आणि त्याच फर्मानात नव्या मुलांची आणि मास्तरांची टवाळी करणाऱ्यांना दमही भरला. रॅगिंगविरोधी परिपत्रक, इसवी सन ५३३ चं. मी ते निकालाच्या रात्री वाचलं आणि पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या वर्षी परत नाव दिलं. प्रश्नात एक कुत्रा मेला होता. लेक्स अक्विलियाचं पहिलं प्रकरण गुलाम आणि कळपातल्या चारपायी जनावरांपुरतं, कुत्रा त्यात बसत नाही. म्हणजे बाकीच्या नुकसानीचं तिसरं प्रकरण, म्हणजे भरपाई मोजताना पहिल्यासारखी वर्षभरातली सर्वांत जास्त किंमत नाही, तीस दिवसांचा हिशेब. साल ५३४. मी लाल पेनाने ते इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उमटलं. उपांत्य फेरीत हरले, समोरच्याने तीस दिवस कुठल्या बाजूला मोजायचे यावर मला घेरलं. ते मात्र मला अजून नीट जमत नाही, त्यावर वाचतेय.