खान्देशात यंदा कोणता गहू? आधी तारीख, मग पाणी, मग वाण

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर प्रश्न सुरू होतो, "औंदा कोणता गहू पेरसूत, दादा?" उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शेजाऱ्याला गेल्या वर्षी जो चांगला उतरला, तो. शेजाऱ्याने तो ५ नोव्हेंबरला पेरला होता आणि विहिरीवरून चार-पाच पाणी दिलं होतं, ही गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. आपण तोच वाण कपाशी उपटून १० डिसेंबरला टाकतो, तोही पाटाच्या दोन आवर्तनांच्या भरवशावर. मार्चमध्ये दाणा चिमला की दोष वाणाला.

म्हणून माझी विनंती आहे की दुकानात जाण्याआधी घरीच तीन गोष्टी ठरवा. रान नेमकं कोणत्या तारखेला मोकळं होणार? खात्रीची पाणी किती? आणि हा गहू कोण खाणार, घर की बाजार? एवढं ठरलं की वाण आपोआप दोन-तीन नावांवर येतो.

तारखेचं आधी सांगतो, कारण खान्देशात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गव्हाच्या वाढीला ७ ते २१ अंश तापमान मानवतं, दाणा भरताना साधारण २५ अंश. आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या पट्ट्यात थंडी डिसेंबर-जानेवारीत चांगली पडते, पण ती टिकत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचं ऊन चटके देऊ लागतं. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे फुटायला थंडीचे दिवस कमी मिळतात, आणि चिक भरायच्या वेळीच ऊन गाठतं. दाणा भरायच्या आत पीक पिवळं पडतं. पेरणी १५ नोव्हेंबरच्या पुढे गेली की दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असा शिफारशीतला हिशेब आहे. म्हणजे एकरी एक क्विंटल, तेही पाणी-खत सगळं वेळेवर दिलं तर.

२०२२ चा मार्च आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च तो. त्या वर्षी गव्हाचं पीक इतकं घसरलं की १३ मे रोजी केंद्राने निर्यात बंद केली. पुढच्याच वर्षी, २०२३ चा फेब्रुवारी, तोही तोवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण. बोरी नदीकाठच्या आमच्या शेतात २०२१-२२ च्या हंगामात गव्हाचे दोन तुकडे होते. एक मुगाच्या रानात ८ नोव्हेंबरला पेरलेला, दुसरा कपाशीनंतर १२ डिसेंबरला. वाण एकच, पिशवीही एकच. काढणीआधी दोन्हीकडच्या ओंब्या तळहातावर चोळून फुंकर मारली. पहिल्या तुकड्याचा भुसा उडाला आणि दाणे हातावर राहिले, टपोरे, अंगावर चमक असलेले. दुसऱ्याच्या भुशाबरोबर दाणेही उडाले. त्या दिवसापासून मी वाणाचं नाव नंतर विचारतो.

मूग, उडीद, सोयाबीन किंवा मक्याचं रान ऑक्टोबरातच मोकळं होतं. तिथे १ ते १५ नोव्हेंबर ही पेरणीची वेळ सोडू नका. चार-पाच पाण्याची सोय असेल तर राहुरी कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्राचे तपोवन, त्र्यंबक आणि फुले समाधान हे वाण आपल्याकडे चांगले रुळलेले आहेत. तपोवन म्हणजे एनआयएडब्ल्यू-९१७. ११५ ते १२० दिवसांचा, चांगल्या व्यवस्थेत हेक्टरी ४५ ते ५० क्विंटल देणारा. त्र्यंबकचा दाणा मोठा, चपाती चांगली. जीडब्ल्यू-४९६ हा गुजरातचा जुना वाणही तापीकाठच्या काळ्या रानात अजून टिकून आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस-६२२२ हाही वेळेवरच्या बागायती पेरणीसाठीच आहे.

माझं मत विचाराल तर एकच वाण घ्यायचा असेल त्याने फुले समाधान घ्यावा. एनआयएडब्ल्यू-१९९४ हा त्याचा क्रमांक. वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी त्याची शिफारस आहे, आणि आपल्याकडे तारीख शेतकऱ्याच्या हातात क्वचितच असते. मजूर मिळाले नाहीत, शेवटचा पाऊस लांबला, वाफसा आला नाही, की पेरणी सरकते. उशिरा पेरला तर वेळेवरच्यापेक्षा काही दिवस लवकर येतो. तांबेरा या पानांवरच्या रोगालाही तो दाद देत नाही.

कपाशीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणीनंतर कपाशी तशीच उभी ठेवून पुन्हा घेतलेलं पीक) न घेता डिसेंबरअखेर कपाशी संपवा, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडे शेवटच्या वेचणीसाठी रान अडकून राहतं आणि गहू डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. अशा रानात १५ डिसेंबर ही शेवटची रेघ समजा. तिच्या अलीकडे असाल तर फुले समाधान, एनआयएडब्ल्यू-३४ किंवा अकोल्याचा एकेएडब्ल्यू-४६२७ घ्या. बियाणं एकरी ४० ऐवजी ५० किलो आणि ओळींतलं अंतर २२ ऐवजी १८ सेंटिमीटर ठेवा, कारण फुटवे कमी येणार आहेत. रेघ ओलांडली असेल तर गव्हाचा हट्ट सोडा. त्या रानात उन्हाळी बाजरी, भुईमूग किंवा मूग जास्त पैसा देतील. घरच्या खाण्यासाठी म्हणून जानेवारीत गहू टाकणारे मी पाहिले आहेत. तेवढ्या पाण्यात आणि मजुरीत तो गहू बाजारातून विकत आणला असता.

लोकवनबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्याच्यावर आपला जीव आहे. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेला हा वाण चार दशकांनंतरही मागणी टिकवून आहे. लवकर येतो, उशिरा पेरला तरी तग धरतो, दाणा टपोरा आणि पोळी मऊ. आमच्याकडे खापरावरच्या मांड्यांचा बेत असला की घरातल्या बायका लोकवनच मागतात. ओला करून दळलेल्या त्या गव्हाचा लवचीक उंडा हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरवता येतो. वरण-बट्टीलाही तोच. पण तांबेऱ्यापुढे लोकवन लवकर हार मानतो. घरापुरता अर्धा-एक एकर ठेवा, सगळं रान त्याच्यावर लावू नका. आणि लावलाच तर जानेवारीपासून पानं बघत राहा. पानावर नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या आणि बोट फिरवल्यावर बोटाला पावडर लागली, तर त्याच दिवशी प्रोपिकोनॅझोल लिटरला एक मिली या प्रमाणात फवारा.

आता पाणी. गिरणा, पांझरा, हतनूरच्या लाभक्षेत्रात आवर्तनं किती मिळणार, हे नोव्हेंबरात धरणाची पातळी पाहूनच कळतं. विहिरीवाल्यांनी डिसेंबरातली नव्हे, फेब्रुवारीतली विहीर डोळ्यांसमोर आणावी. गव्हाला पूर्ण पाणी द्यायचं तर पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरताना. तीनच पाणी असतील तर २०, ४० आणि ६० दिवसांच्या आसपास द्या. दोनच असतील तर २०-२२ आणि ६०-६५. एकच असेल तर ते ४०-४२ दिवसांनी.

एक-दोन पाण्यावर तपोवनकडून पाच पाण्याच्या उत्पादनाची अपेक्षा करणं हा त्या वाणावर अन्याय आहे. अशा रानासाठी नेत्रावती, म्हणजे एनआयएडब्ल्यू-१४१५, मुद्दाम तयार केलेला आहे. कोरडवाहूत हेक्टरी १८ ते २० क्विंटल, आणि एक पाणी मिळालं तर २७ ते ३० पर्यंत जातो. फुले सात्विक हा नवा वाणही कमी पाण्याचा, पण त्याचा दाणा बिस्किटासाठी निवडलेला आहे, त्यामुळे घरच्या चपातीसाठी पेरत असाल तर नेत्रावतीच बरा. साक्री, पारोळ्याच्या हलक्या, मुरमाड रानात एका पाण्याचीही खात्री नसेल तर गव्हाचा मोह सोडून हरभरा घ्या. भारी काळ्या रानात ओल धरून असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पंचवटी हा बन्सी, म्हणजे शेवया-रव्याच्या कडक गव्हाचा, वाण कोरडवाहू पेरता येतो. उत्पादन हेक्टरी १२ ते १५ क्विंटलच, पण खर्चही तसाच.

बन्सी गव्हाला शेवया, कुरडया, रव्यासाठी गिऱ्हाईक आहे. बागायतीत गोदावरी हा निफाडचा वाण आहे, आणि इंदूरकडून पोषण, पूसा तेजस हे येतात. बन्सी पेरणाऱ्याने नत्रात हात आखडता घेऊ नये. नत्र कमी पडलं की काचेसारख्या पिवळ्या दाण्यावर पांढरे पिठूळ डाग येतात आणि व्यापारी मूठ उघडून दाखवत भाव पाडतो. खपलीचं सध्या फार ऐकू येतं. मधुमेहाच्या नावाने शहरात तो महाग विकला जातो हे खरं, पण त्याची टरफलं मळणीत सुटत नाहीत, वेगळी कांडणी लागते. आधी गिरणी आणि गिऱ्हाईक पक्कं करा, मग पेरा.

आपलं खान्देश दोन राज्यांच्या शिवेवर आहे. खेतिया, सेंधवा, बऱ्हाणपूरहून पिशव्या येतात, नवापूरकडे गुजरातच्या येतात. गव्हाच्या शिफारशींसाठी मध्य प्रदेश आणि गुजरात मध्य विभागात धरले जातात, महाराष्ट्र मात्र कर्नाटकाबरोबर द्वीपकल्पीय विभागात. म्हणजे पूर्णा किंवा पूसा तेजस या इंदूरकडच्या वाणांच्या चाचण्या माळव्या-निमाडच्या रानात झालेल्या. आपलं हवामान निमाडशी इतकं मिळतं की हे वाण इथे येतात, हे मी नाकारत नाही. पण माळव्यात थंडी जास्त लांबते. १२० दिवसांच्या पुढे जाणारा कोणताही वाण आपल्या मार्चला बळी पडतो. नवा वाण आणायचाच तर पहिल्या वर्षी एका एकरापुरता आणा, आणि विकणाऱ्याला उत्पादनाआधी दिवस विचारा.

पिशवी घेताना निळी खूणचिठ्ठी बघा, ती प्रमाणित बियाण्याची. पायाभूत बियाण्याची चिठ्ठी पांढरी असते. पावती घ्या, आणि चिठ्ठी व रिकामी पिशवी काढणीपर्यंत जपून ठेवा. एका वर्षी घाईत मी एका दुकानातून सुटं बियाणं आणलं. 'तपोवनच आहे, घरचा माल' असं सांगितलं होतं. फेब्रुवारीत रान जिन्यासारखं दिसू लागलं, काही ताटं कमरेपर्यंत, काही गुडघ्याच्या जरा वर. एक ओंबी पिवळी तर शेजारची अजून हिरवी. कधी कापायचं तेच कळेना. दुकानदाराकडे गेलो तर हातात पावती नव्हती, बोलायला जागाच उरली नाही.

खरं तर गव्हाला दरवर्षी पिशवी विकत घ्यायची गरजच नाही. हे पीक स्वतःच्याच परागावर दाणा धरतं, त्यामुळे शुद्ध बियाणं एकदा आणलं की तीन वर्षं घरचं वापरता येतं. फक्त उगवण तपासा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल राखा. आठवड्याने उघडल्यावर ८५ कोंब दिसले तर एकरी ४० किलो बियाणं पुरेल. ७० निघाले तर त्या हिशेबाने वाढवा, त्याहून कमी निघाले तर ते दळायला द्या. पेरण्याआधी किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा, आणि पेरणीच्या वेळी दहा किलोला अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट लावून सावलीत सुकवा.

खताचं थोडक्यात. वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. एकराच्या भाषेत पेरताना डीएपीची एक गोणी, ३३ किलो युरिया आणि २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. मग पहिल्या पाण्याच्या वेळी ५२ किलो युरिया. बी पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. फेकून पेरणी करू नका, पाभर किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने ओळीत टाका.

बियाण्यासाठी रानाचा मधला पट्टा आधीच राखून ठेवा, कडेचा नको. ओंब्या बाहेर पडल्यावर विळा घेऊन त्या पट्ट्यातून दोनदा फिरा. उंच, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या कुसळाच्या ताटांना मुळापासून उपटून बांधावर टाका. काणी रोगाने काळी पडलेली ओंबी दिसली तर तिच्यावर आधी पिशवी चढवा, मग उपटा आणि जाळा. हा पट्टा हार्वेस्टरला देऊ नका, कारण आधीच्या शेतातला गहू यंत्रात राहिलेला असतो. हाताने कापून वेगळा मळा, दाताखाली कट्‌ असा आवाज येईपर्यंत वाळवा, कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या जागी फळीवर ठेवा. पोत्यावर खडूने नको, पुसून जातो. चिठ्ठी आत टाका आणि तिच्यावर वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि दिलेल्या पाण्यांची संख्या लिहा.