बजेटमधली सेमी-हॉलो गिटार घेताना आधी पोटात डोकावा

सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार स्वस्तातली घेतली, तरी पुढे तिच्यात जवळजवळ सगळं बदलता येतं. झाकणाचे चार स्क्रू काढायचे, पॉट (नॉबखालचे आवाज-टोन कमीजास्त करणारे भाग) बदलायचे, स्विच बदलायचा, काम संपलं. सेमी-हॉलो गिटारीला बहुतेक वेळा असं झाकणच नसतं. आतली सगळी वायरिंग एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीवरच्या एफ आकाराच्या फटीतून आत सरकवलेली असते आणि बाहेर काढायची तर त्याच फटीतून. मी गिटार शिकवते आणि माझ्याकडे शिकणाऱ्यांच्या गिटारींचं सेटअपही करून देते. त्या कामात सॉलिड-बॉडीला अर्धा तास लागतो तिथे सेमी-हॉलोला अख्खी दुपार जाते, कारण प्रत्येक पॉटच्या दांडीला दोरा बांधून किंवा बारीक रबरी नळी चढवून तो पुन्हा आपल्या भोकातून वर ओढून घ्यावा लागतो. म्हणून माझा आग्रह असा: कमी पैशात सेमी-हॉलो घ्यायची असेल, तर जे नंतर बदलता येत नाही किंवा बदलायला जिवावर येतं, ते आधी तपासा. खुंट्या, नट (तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात ती पट्टी), तारा, पिकगार्ड यांचं नंतर बघता येईल.

आधी हा प्रकार नेमका काय आहे ते पक्कं करू, कारण दुकानात एकाच रांगेत टांगलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या गिटारी आतून पूर्ण वेगळ्या असू शकतात. १९५८ साली गिब्सनने टेड मॅकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना ईएस-३३५ बाजारात आणली. पोकळ गिटारी मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्पसमोर घुमायला लागत (यालाच फीडबॅक म्हणतात), आणि सॉलिड-बॉडीत तो लाकडी मऊपणा बऱ्याच वादकांना सापडत नव्हता. उपाय असा निघाला की बॉडी पातळ करायची, साधारण पावणेदोन इंच जाडीची, आणि मधोमध नेकच्या सांध्यापासून खालच्या टोकापर्यंत मेपलचा सलग ठोकळा बसवायचा. पिकअप, ब्रिज आणि टेलपीस या ठोकळ्यावर, आणि दोन्ही बाजूचे पंख पोकळ. हाच सेंटर ब्लॉक. ठोकळ्यामुळे वरची फळी मोकाट थरथरत नाही, सूर जास्त वेळ टिकतो आणि फीडबॅक आवरता येतो. पंखांमुळे आवाजाला थोडी हवा मिळते.

यातून खरेदीच्या कामाची एक गोष्ट कळते. त्या मूळ गिटारीचीही वरची आणि मागची फळी थर चिकटवून केलेलीच होती. त्यामुळे माहितीत 'लॅमिनेटेड मेपल' वाचून नाक मुरडू नका. या प्रकारात थरांची फळी हेच योग्य लाकूडकाम आहे. ती कमी थरथरते आणि हवेतल्या ओलाव्याने अखंड फळीइतकी हलत नाही.

आता फोनचा टॉर्च लावा आणि एफ-होलमधून आत बघा. मधल्या बाजूला लाकडाची उभी भिंत दिसली तर सेंटर ब्लॉक आहे. प्रकाश थेट पलीकडच्या एफ-होलमधून बाहेर आला, तर गिटार पूर्ण पोकळ आहे, विक्रेता काहीही म्हणो. एपिफोन कॅसिनोबद्दल हा घोळ नेहमी होतो. दिसायला ती ३३५ची बहीण, पण तिच्यात ठोकळा नाही आणि पिकअप पी-९० जातीचे. बीटल्सच्या हातात होती म्हणून अनेकांना ती हवी असते, आणि आवाज खरंच सुंदर आहे. पण ड्रम्स आणि ओव्हरड्राइव्हच्या जोडीने ती वाजवायची तर फीडबॅकशी सतत झगडावं लागेल. घरी, छोट्या जागेत, स्वच्छ आवाजात वाजवणार असाल तर खुशाल घ्या. बँडमध्ये वाजवणार असाल तर ठोकळा हवाच. ठोकळा शेवटपर्यंत सलग आहे की मध्येच संपतो किंवा आतून कोरलेला आहे, हेही बघा. कोरलेला असेल तर वजन कमी आणि आवाज जरा जास्त खुला मिळतो. तो दोष नाही, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं.

मग गिटार मांडीवर घ्या आणि बसूनच घ्या. ३३५च्या आकाराची बॉडी सुमारे सोळा इंच रुंद असते. माझ्याकडे शिकणाऱ्या काही मुलींना आणि लहान चणीच्या मुलग्यांना उजवा खांदा इतका वर उचलावा लागतो की तासाभराने मान आखडते. अशा वेळी आवाजाच्या मोहात पडू नका. एपिफोन ईएस-३३९ किंवा ग्रेचची जी२६५५ याच बांधणीच्या पण लहान बॉडीच्या आहेत, आणि ज्या गिटारीशी शरीर भांडत नाही तीच रोज हातात घेतली जाते.

नेकवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. या किमतीतल्या बऱ्याच सेमी-हॉलो गिटारींचा नेक सरसाने कायमचा चिकटवलेला असतो, स्क्रूने जोडलेला नसतो. त्याचा कोन चुकला असेल तर सॉलिड-बॉडीसारखी सांध्यात पातळ पट्टी सरकवून तो सुधारता येत नाही. कोन कळतो ब्रिजवरून. ब्रिज दोन खांबांवर उभा असतो आणि त्याखालच्या चकत्या फिरवून वरखाली होतो. तो पार बॉडीला टेकलेला असेल आणि तरीही तारा वरच्या फ्रेटांवर उंच असतील, तर ती गिटार परत ठेवा, रंग कितीही आवडलेला असो. उलट ब्रिज खांबांवर खूप उंच चढवलेला आणि डगमगता असेल तर कोन जास्त आहे. तारांची उंची बरोबर असताना ब्रिजखाली आणि वर दोन्हीकडे थोडी हालचालीची जागा उरायला हवी.

त्यानंतर नेकचा बाक. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट जास्त किंवा मुळीच नसेल तर लगेच नाकारू नका, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई फिरवून ते सुधारतं. पण विक्रेत्याला समोर फिरवायला सांगा आणि नेक खरोखर हलतो का बघा. जुन्या गिटारीत रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही. बाराव्या फ्रेटवर पातळ तारेखाली दीड मिलिमीटर आणि जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास उंची ठेवून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. हे कंटाळवाणं आहे, तरी कराच. कुठे सूर लगेच मरतो, कुठे तार शेजारच्या फ्रेटला घासून खरखरते, कुठे तार वर ओढली की सूर बंद पडतो, हे असंच सापडतं. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. फ्रेटांची टोकं टोचत असतील तर लाकूड सुकून आक्रसलं आहे. टोकं घासून घेता येतात, पण त्याची मजुरी किमतीत धरा.

जुनी गिटार असेल तर नटच्या मागची जागा उजेडात तिरकी धरून बघा. मागे झुकलेलं हेडस्टॉक (खुंट्या असलेलं टोक) गिटार पडली की तिथेच चिरतं. नीट चिकटवलेली चीर वर्षानुवर्षं टिकू शकते, पण ती लपवून पूर्ण किंमत मागणाऱ्याकडून घेऊ नका.

आता आतली वायरिंग, म्हणजे वर म्हटलेला जिवावर येणारा भाग. शक्य असेल तर स्वतःची केबल न्या, म्हणजे दुकानातल्या केबलची खरखर गिटारीच्या माथी बसणार नाही. अ‍ॅम्प स्वच्छ आवाजावर ठेवा आणि प्रत्येक नॉब शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरवा. खरखर येते का, आवाज हळूहळू वाढतो की शेवटच्या टोकाला एकदम उडी मारतो, ते ऐका. स्विच तिन्ही जागी नेऊन मागेपुढे हलवा. प्लग लावलेला असताना केबल हळूच हलवा. आवाज तुटला तर जॅक सैल आहे. या गिटारींचा जॅक बहुधा वरच्या फळीवर एका नटने (बोल्टवर असतो तसा, तारांखालचा नव्हे) बसवलेला असतो. तो नट सैल झाला की लोक बाहेरून नुसता आवळत जातात, आत अख्खा जॅक गोल फिरतो आणि वायर पिळून तुटते. आवळताना जॅक आतून फिरू द्यायचा नाही, हे तुमच्या गिटारीसाठीही लक्षात ठेवा.

नंतर गेन वाढवा आणि अ‍ॅम्पकडे तोंड करून उभे राहा. सेमी-हॉलो थोडी घुमणारच, आणि ते घुमणं उभं राहण्याची जागा बदलून किंवा तारांवर तळवा ठेवून आवरता आलं तर ते वाजवण्यातच वापरता येतं. पण तारा घट्ट दाबूनही न थांबणारी बारीक किंकाळी येत असेल तर पिकअप सैल बांधणीचा आहे. पिकअप बदलता येतो, मात्र नवा पिकअप म्हणजे नवी वायर, आणि वायर म्हणजे पुन्हा तीच एफ-होलची कसरत. वरच्या दर्जाचे पॉटही सहज बसत नाहीत, कारण स्वस्त गिटारीत छोट्या पॉटांच्या मापाची भोकं पाडलेली असतात आणि ती मोठी करावी लागतात. 'आत्ता घेऊ, पिकअप मग बदलू' हा हिशेब सॉलिड-बॉडीला चालतो. इथे मूळ आवाज आवडला तरच घ्या.

मॉडेलांबद्दल थोडक्यात. एपिफोनच्या ईएस-३३५ची बांधणी मूळ आराखड्याच्या सगळ्यात जवळची. आयबनेझची आर्टकोर मालिका २००२ पासून चालू आहे आणि तिच्यातली एएस७३ नवशिक्याला मी निःशंकपणे सुचवते. तिचा नेक हाताला सोपा पडतो. ग्रेच स्ट्रीमलायनरमध्ये आकडे नीट वाचा: जी२६२२ला सेंटर ब्लॉक आहे, जी२४२० पूर्ण पोकळ आहे. स्क्वायर स्टारकास्टर वेगळ्या घाटाची: नेक स्क्रूने जोडलेला, म्हणून दुरुस्तीला सोपा, आणि स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साडेपंचवीस इंच. ३३५ वळणाच्या गिटारींचं स्केल पावणेपंचवीसच्या आसपास असतं, त्यामुळे त्यांच्या तारा तुलनेने सैल आणि ओढायला सोप्या लागतात. टेलिकास्टर थिनलाइन हा फेंडरचा १९६८चा प्रकार. तिच्यात लाकूड आतून कोरून पोकळी केलेली असते आणि स्वभाव टेलिकास्टरचाच राहतो.

कशासाठी जादा पैसे देऊ नयेत? वाघाच्या पट्ट्यांसारख्या मेपलसाठी नाही. या किमतीत तो वरचा पातळ पापुद्रा असतो आणि आवाजात त्याचा काही वाटा नसतो. सोनेरी हार्डवेअरसाठी नाही, त्याचा मुलामा घामाने उडतो. आणि पहिलीच सेमी-हॉलो असेल तर बिग्सबीसाठी (सूर हलवणाऱ्या दांड्याच्या टेलपीससाठी) अजिबात नाही. स्वस्त गिटारीच्या नटमध्ये तार आधीच अडकत असते, विशेषतः तिसरी, आणि बिग्सबीने सूर दर दोन गाण्यांनी घसरतो. तो पैसा सेटअपसाठी आणि केससाठी ठेवा. साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या बॅगेत ही बॉडी मावत नाही, ३३५च्या मापाचीच केस लागते, आणि हा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत.

ऑनलाइन घ्यायची असेल तर परत करण्याची मुदत आणि परतीचा खर्च कोणाचा हे आधी वाचा. खोकं उघडल्यावर गिटार खोलीच्या हवेत एक रात्र राहू द्या, मग वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या त्या मुदतीच्या आत उरका.

घरी आणल्यावर नव्या तारा चढवा. दहाचा संच (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंच जाडीची) पुरतो, जॅझकडे ओढा असेल तर अकराचा, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसह. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: केसाएवढी फट दिसली पाहिजे, जास्त असेल तर नटच्या खाचा खोल करून घ्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळेपर्यंत ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तार टेकते तो छोटा तुकडा) सरकवा. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे, उतरता लागला तर पुढे. आणि मोठ्या आवाजात गिटार फारच घुमत असेल तर एफ-होलमध्ये मऊ फोमचे तुकडे हलकेच बसवा. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाच्या ल्युसिल मॉडेलला १९८०मध्ये गिब्सनने एफ-होलच ठेवले नाहीत, ते याच घुमण्यावर उपाय म्हणून. फोम हवा तेव्हा काढता यावा इतपतच आत ढकला, म्हणजे तो आत पडून वायरींत अडकणार नाही.