मसाला चहाचे आधण

घरचा मसाला चहा बिघडतो, तो बहुतेक वेळा मसाल्यामुळे नव्हे, तर क्रम चुकल्यामुळे. पाणी, दूध, साखर, चहापूड आणि ठेचलेले आले एकदमच पातेल्यात टाकून गॅस मोठा केला, तरी चहा होतो; पण त्यात आले कच्चे लागते, वेलदोड्याचा वास उडून गेलेला असतो आणि चहापूड गरजेपेक्षा जास्त उकळल्याने जिभेवर तुरटपणा रेंगाळतो. म्हणून कोणता जिन्नस आधणात किती वेळ राहायला हवा, हे आधी समजून घ्यावे.

दोन मोठ्या कपांसाठी, म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटर चहासाठी, २२५ मिलिलिटर पाणी आणि १५० मिलिलिटर दूध घ्यावे. वरचे ७५ मिलिलिटर उकळताना वाफेवाटे जाते आणि थोडे चोथा पिऊन घेतो. चहापूड सपाट दोन चहाचे चमचे, म्हणजे चार ते पाच ग्रॅम पुरते. साखर तीन चमचे, अंगठ्याच्या पेराएवढे आले आणि दोन-तीन हिरवे वेलदोडे एवढेच साहित्य रोजच्या चहासाठी लागते. दूध म्हशीचे असल्यास ते थोडे कमी घ्यावे, कारण त्याच्या स्निग्धतेत आल्याचा तिखटपणा आणि चहाचा कडकपणा दोन्ही दबतात.

चहापूड मात्र दाणेदार, सीटीसी पद्धतीची असावी. आसाममध्ये १९३० च्या दशकात रूढ होऊ लागलेल्या या पद्धतीत चहाची पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून आणि वळवून त्यांचे बारीक दाणे केले जातात. त्यामुळे रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांत पाण्यात उतरतो व दूध घातल्यावरही टिकतो. दार्जिलिंगचा लांब पानांचा चहा मसाल्यात वापरणे म्हणजे त्याचा नाजूक सुगंध वाया घालवणे होय. तो नुसत्या गरम पाण्यात मुरवूनच प्यावा.

आता आधण. पातेल्यात फक्त पाणी घेऊन ते तापत ठेवावे आणि तोवर आले खलबत्त्यात ठेचावे. आले किसल्यास त्याचे बारीक तंतू गाळणीतून निसटून कपात येतात, शिवाय रसाचा बराचसा भाग किसणीलाच चिकटून राहतो. पाण्याला उकळी फुटली की आले टाकावे आणि मध्यम आंचेवर तीन ते चार मिनिटे उकळू द्यावे. या चार मिनिटांना घाई करू नये. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर असते आणि ते दुधातील प्रथिनांवर काम करून दूध नासवते. उकळत्या पाण्यात हे विकर निष्प्रभ होते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नेमका हाच गुण वापरून गरम दुधात आल्याचा ताजा रस घालतात आणि दह्यासारखा घट्ट गोड पदार्थ बनवतात. आपल्याला मात्र कपात दही नको असते. माझ्याकडे एकदा पाहुण्यांसमोर चहा फाटला, तेव्हा मी दोष दुधाला दिला होता. प्रत्यक्षात आले मीच सर्वांत शेवटी, कोमट दुधात टाकले होते.

दालचिनी, लवंग किंवा मिरे घालायचे असतील, तर तेही आल्याबरोबरच टाकावेत, कारण त्यांचा अर्क उतरायला वेळ लागतो. दोन कपांना एक लवंग आणि चार मिरे पुष्कळ होतात. लवंग जास्त झाली, तर चहाला दातांच्या औषधाचा वास येतो. गवती चहाची तीन-चार पाती असल्यास त्यांची गाठ मारून तीही याच वेळी पाण्यात सोडावी. पावसाळ्यात परसातली पात अशी वापरताना मी वेलदोडा मुद्दाम वगळतो, कारण दोन सुगंध एकमेकांवर कुरघोडी करतात.

मसाल्याचा वास स्वयंपाकघरात दरवळू लागला की साखर आणि चहापूड घालावी. पाणी आधी तांबूस, मग गडद विटकरी होते. दोन मिनिटांनी चमचाभर पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन पाहावे: वाटीचा तळ जेमतेम दिसत असेल, तर अर्क पुरेसा उतरला आहे. आता दूध घालावे, पण ते फ्रीजमधून काढलेले थंडगार नव्हे, तर दुसऱ्या शेगडीवर तापवलेले. थंड दुधाने आधण बसते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत चहापूड उगाच शिजत राहून तुरट होते. दुधातील केसिन हे प्रथिन चहातील टॅनिनला धरून ठेवते व तुरटपणा कमी करते, हे खरे. पण अति उकळलेला चहा त्यालाही सावरता येत नाही.

दूध पडल्यावर चहा फुगून वर येईल. तो काठाशी आला की आंच कमी करावी, फेस बसू द्यावा आणि पुन्हा वर येऊ द्यावा. असे दोन-तीन वेळा झाले की रंग भाजलेल्या विटेसारखा एकजीव होतो. शेवटच्या उकळीनंतर वेलदोडे सालींसकट ठेचून टाकावेत, गॅस बंद करावा आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. वेलदोड्याचे सुगंधी तेल फार लवकर उडून जाते, त्यामुळे त्याला उकळीपेक्षा झाकणाखालची वाफ मानवते.

साखरेऐवजी गूळ घालणाऱ्यांनी तो उकळत्या दुधात कधीही टाकू नये. गुळात असलेल्या आम्लामुळे आणि क्षारांमुळे चहा फाटण्याची शक्यता असते. गॅस बंद करून उकळी पूर्ण बसल्यावर बारीक चिरलेला गूळ घालून ढवळावा किंवा तो कपातच ठेवून वरून चहा गाळावा.

रोज मसाला कुटायला वेळ नसल्यास कोरडा चहा मसाला करून ठेवता येतो. वीस ग्रॅम सुंठ, वीस ग्रॅम वेलदोडे, पाच-पाच ग्रॅम मिरे व दालचिनी, तीन ग्रॅम लवंग आणि पाव जायफळ एवढे प्रमाण पुरे होते. सुंठ आधी बत्त्याने फोडून घ्यावी, नाहीतर मिक्सरचे पाते अडते. बाकीचे जिन्नस कोमट तव्यावर मिनिटभर फिरवावेत. ओलावा जाण्याएवढीच धग द्यावी, भाजू नयेत. पूर्ण गार झाल्यावर चमचाभर साखरेसोबत दळल्यास वेलदोड्याच्या सालीही बारीक होतात. आले वाळताना त्यातील जिंजरॉलचा काही भाग अधिक तिखट अशा शोगॉलमध्ये बदलतो, म्हणून सुंठीचा हा मसाला कपाला एक चिमूट इतकाच घालावा आणि तो चहापुडीबरोबरच टाकावा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तो महिना-दीड महिना चांगला राहतो. पुढे नुसता तिखटपणा उरतो, वास राहत नाही.

चहा गाळताना चोथा चमच्याने दाबू नये, दाबल्यास शेवटचा कडवट अर्क कपात उतरतो. पुण्यातील अमृततुल्यच्या दुकानांत चहा फडक्यातून गाळतात, त्यामुळे तो गुळगुळीत लागतो. घरी बारीक जाळीची स्टीलची गाळणी पुरते. गाळून झाल्याबरोबर पातेल्यात पाणी ओतून ठेवावे. कडेला धरलेली साय आणि साखर एकदा वाळली की ती घासताना चहाला लागला नाही इतका वेळ जातो.