चित्रचोरीचा तपास शिकताना

कलावस्तूंच्या चोरीचा तपास शिकू लागलो तेव्हा पहिल्याच प्रकरणात मी तासभर रिकाम्या भिंतीसमोर उभा राहून चोर आत कसा शिरला असेल याचे तर्क लढवत होतो. वरिष्ठांनी एवढेच विचारले, "चित्र जागेवर असल्याचे शेवटचे कोणी आणि कधी पाहिले?" मला उत्तर देता आले नाही. संग्रहालयातील चित्रे डागडुजीसाठी, छायाचित्रणासाठी, प्रदर्शनांसाठी हलवली जात असतात; त्यामुळे जागा मोकळी दिसली तरी कोणीतरी नेले असेल असे प्रत्येकजण गृहीत धरतो, आणि चोराला सर्वांत मोठी सवलत मिळते ती या गृहीतकामुळेच.

नवोदितांनी 'मोनालिसा'चे प्रकरण अभ्यासावे ते याचसाठी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून हे चित्र २१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारच्या सुट्टीच्या दिवशी, चोरीला गेले. दुसऱ्या दिवशी लुई बेरू या चित्रकाराने चौकशी केली, तेव्हाही ते छायाचित्रणासाठी नेले असावे असाच तेथील समज होता. चोर व्हिन्चेन्झो पेरुजा हा लूव्रमध्ये पूर्वी काचकाम केलेला कामगार होता. काढून टाकलेली चौकट आणि काच जिन्यात सापडली, काचेवर बोटाचा ठसाही मिळाला. पेरुजाचे ठसे पोलिसांच्या दप्तरी आधीपासून होते. मात्र ते दप्तर शरीराच्या मापांनुसार लावलेले असल्याने नुसत्या ठशावरून माणूस शोधता आला नाही. पोलीस त्याच्या खोलीवर जाऊन त्याचा जबाब घेऊन आले, तरीही तो सुटला, आणि फ्रेंच कवी अपोलिनेर यांना मात्र संशयावरून काही दिवस तुरुंगात काढावे लागले. (प्रसिद्ध नावाचा मोह तपास करणाऱ्यालाही पडतो, मलाही पडला आहे.) डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये चित्र सापडले तेव्हा ते अस्सल असल्याची खात्री करताना त्याची मागील बाजूही उपयोगी पडली.

म्हणून घटनास्थळी गेल्यावर चित्राच्या मागील बाजूचे छायाचित्र आधी मागावे. तेथील शिक्के, चिठ्ठ्या, जुने खिळे, तसेच पुढील बाजूस रंगाला पडलेल्या बारीक भेगांची जाळी यांची हुबेहूब नक्कल करणे फार कठीण असते. हा तपशील इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदसंग्रहात जितक्या लवकर जाईल तितके बरे, कारण प्रसिद्ध चित्र उघड बाजारात विकता येत नाही आणि ते वर्षानुवर्षे दडवून ठेवले जाऊ शकते.

चोराने काय नेले याइतकेच काय मागे ठेवले तेही लिहून काढावे. बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून मार्च १९९० मध्ये पोलिसांच्या वेशातील दोघांनी १३ वस्तू नेल्या. त्यांत व्हर्मीर आणि रेम्ब्रांट यांची चित्रे होती, पण ध्वजदंडावरील एक शोभेचा गरुडही होता, आणि इटालियन चित्रकार टिशियनचे 'युरोपा' हे मोलाचे चित्र मात्र जागच्या जागी राहिले. जाणकाराची निवड अशी नसते.

माझ्या त्या पहिल्या प्रकरणात हालचालींच्या नोंदवहीतील चार दिवसांचे रकाने कोरे निघाले. त्या चार दिवसांत किल्ल्या कोणाकडे होत्या, याची यादी करण्यापासून आम्ही तपास पुन्हा सुरू केला.